ओढून पाहिलेलं कुलूप

ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेली संघप्रिया भामरागडच्या वाटेवरच्या त्या दवाखान्यात एकाच कामासाठी आली होती. इथल्या रुग्णांची माहिती यापुढे नेटवरून जिल्ह्याला जाणार होती. ती वाटेत कुणाला वाचता येत नाही, एवढं पाहून कागदावर सही करायची. पडद्यावर कुलपाचं चिन्ह दिसत होतं. सहीला असा कितीसा वेळ लागतो?

पण समोर गोळ्या न्यायला आलेल्या गुणाबाई बसल्या होत्या. नवरा गेला तेव्हा कळलं, एचआयव्ही आपल्यालाही आहे. चार वर्षं गोळी चुकली नाही, तब्येत ठणठणीत, आणि शाळेतल्या पोरांचा भात त्यांच्याच हातचा. भाताने हा आजार होत नाही, पण ते गावाला कोण समजावणार? कळलं असतं तर एकाही पोराने ताट पुढे केलं नसतं. आणि आज पहिलं नाव त्यांचंच जायचं होतं.

"कुलूप दिसते मावशी, काळजी नाई," संघप्रिया म्हणाली.

"कुलूप तं आमीबी लावतो बाई. पण ओढून पाह्यल्याबिगर घर नाई सोडत."

संघप्रियाला आधी हसू आलं, मग लाज वाटली. तिने गुणाबाईंचं नाव पुसून स्वतःचं घातलं, आजार तोच लिहिला आणि पाठवून दिलं. तारेवरून काय जातंय ते तपासलं, तर नुसती अगम्य अक्षरं. मन निवांत झालं आणि ती चहाला निघाली.

चौकात धनराजचं दुकान. चहा तिथेच, रिचार्ज तिथेच, आणि दवाखान्याचं नेटही त्याच्याच दुकानातल्या राउटरच्या डब्यातून पुढे जायचं. दवाखान्याचा कॉम्प्युटरही त्यानेच बसवून दिलेला. सकाळी त्याने तिला काचेच्या ग्लासात चहा दिला होता. आता बाकावरच्या दोघांना ग्लास मिळाले. तिच्यासाठी त्याने कागदी कप काढला आणि हातात न देता बाकाच्या टोकाला ठेवला.

तिच्या आजोबांचा, रामाजींचा, गावच्या हॉटेलात असाच कप वेगळा असायचा. ते तिने फक्त ऐकलं होतं. आज तो कप तिच्यासमोर होता.

चहा तसाच टाकून ती परतली. कुलूप आहे एवढंच तिने पाहिलं होतं, कुणाचं आहे ते नाही. आता त्या चिन्हावर क्लिक करून पाहिलं. त्यावर जिल्ह्याच्या सर्व्हरचं नाव नव्हतं, धनराजच्या डब्याचं होतं. माहिती त्याच्या दुकानात उघडत होती आणि दुसरं कुलूप लावून पुढे जात होती.

ती पुन्हा दुकानात गेली. "भाऊ, तो आजार मले नाई. तपासासाठी लिवला होता."

धनराज खाली मान घालून उभा राहिला. "कोणाले सांगतलं नाई मॅडम. पण ग्लास द्यायले हातच धजला नाई."

संघप्रियाने सही केली नाही. कागदावर 'जोडणी उघडी आहे' असं लिहिलं आणि ती शाळेत गेली.

"ओढून पाह्यलं काय बाई?" चुलीपाशी बसलेल्या गुणाबाईंनी विचारलं.

"पाह्यलं मावशी. उघडलं. तुमचं नाव गेलं नाई, आन हे नीट झाल्याबिगर जानार नाई."

मधली सुट्टी झाली होती. पोरं रोजच्यासारखी ताटं पुढे करत होती, आणि रांगेच्या शेवटी संघप्रियाही ताट घेऊन उभी राहिली. गुणाबाईंनी तिच्या ताटात एक डाव भात जास्तच वाढला.