तपासू नये असा फोल्डर

माझा धाकटा दीर कुलपं बनवतो, असं सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. कुलपं तो बनवत नाही. कुलपं दुसरीकडून तयार येतात. हा त्यात बोटभर पट्टी बसवतो, त्या पट्टीत सी भाषेतला प्रोग्राम भरतो, आणि मग दाराजवळ फोन नेला की दार उघडतं. एका गॅरेजच्या वरच्या खोलीत पाच माणसं बसून हे करतात. घरात त्या खोलीला कारखाना म्हणतात. मीही म्हणते, पण म्हणताना माझा चेहरा कसा होतो हे नवऱ्याने मला एकदा आरशात दाखवलं होतं.

माझं काम लोकांच्या कोडमधल्या चुका काढणं. त्याचा मला पगार मिळतो. नवऱ्याच्या मते पगार नसता तरी मी हेच केलं असतं. ऑफिसात आमच्याकडे एक टूल आहे. ते प्रोग्राम चालवत नाही, नुसता वाचतं. बाहेरून आलेली माहिती कुठल्या ओळीत आत शिरते, तिथून कोणाकोणाकडे जाते, शेवटी कुठे जाऊन बसते, याचा माग काढतं, आणि जिथून चोर आत येईल तिथे बोट ठेवतं. त्याचा दोष एकच, बोट जरा जास्तच ठेवतं. शंभर इशाऱ्यांतले नव्वद उगाच असतात. उरलेले दहा ओळखायला अक्कल लागते, आणि ती माझ्याकडे आहे असं साहेबांचं मत होतं. माझंही होतं.

तर झालं असं, की एका वृद्धाश्रमाला एकशे चाळीस खोल्यांना दिराची कुलपं बसवायची होती. तिथल्या म्हाताऱ्यांचे हात कापतात, किल्ली भोकात जात नाही. वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापक बाईंनी अट घातली, आधी कोडची तपासणी, मग ऑर्डर. एकसुद्धा गंभीर चूक निघाली तर ऑर्डर रद्द. आणि तपासणीचं काम आलं आमच्याच ऑफिसात. ही ऑर्डर गेली तर कारखान्याला महिनाअखेर टाळं लागणार होतं, आणि ते टाळं साधं, किल्लीचं असणार होतं. हे मला दिराने एकदा सांगितलं आणि सासूबाईंनी सहा वेळा.

"साहेब, हा माझा सख्खा दीर आहे. काम दुसऱ्या कोणाला द्या," मी रीतसर सांगितलं.

साहेब हसले. "तुम्ही त्याला नातं म्हणून सोडाल असं या मजल्यावर एकाला तरी वाटतंय का? डब्याच्या वेळी रोज ऐकतो आम्ही त्याच्याबद्दल. लिहून द्या नातं आहे म्हणून, आणि लागा कामाला."

मी लिहून दिलं आणि लागले. खोटं कशाला बोलू, हुरूप आला होता. चौदा वर्षं मी या माणसाला भाऊजी म्हणते, अहो-जाहो करते. टोमणा मारायला अहो-जाहो फार सोयीचं पडतं.

टूलने तीनशे बारा इशारे काढले. मी कॉफी आणली, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक वाचायला घेतला. दोन दिवस वाचत होते. तीनशे बाराच्या तीनशे बारा फुसके निघाले. कुठे न वापरलेलं व्हेरिएबल, कुठे अनावश्यक कंस. फोनकडून येणारी प्रत्येक गोष्ट त्याने आधी मोजून घेतली होती, मगच आत घेतली होती. मेमरीत जागा मागितली तिथे मिळाली का ते बघितलं होतं, वापरून झाली तिथे परत केली होती. एखाद्या भित्र्या माणसाने दार लावल्यावर तीनदा ओढून बघावं तसा कोड होता. मला वाईट वाटलं. कोड चांगला आहे याचं वाईट वाटलं, हे आता सांगायला लाज वाटते, पण तेव्हा लाज वगैरे नव्हती, नुसता चडफडाट होता.

मग माझं लक्ष दिराच्या कोडबरोबर आलेल्या टूलच्या सेटिंगच्या फाइलकडे गेलं. काय तपासायचं आणि काय नाही, हे त्या फाइलमध्ये लिहितात. त्यात एक ओळ होती. 'मूळ' नावाचा फोल्डर वगळावा.

मी मोठ्याने हसले. शेजारच्या टेबलावरची मुलगी दचकली.

"काय झालं, ताई?"

"काही नाही. पाहुणे यायच्या आधी सगळा पसारा एका खोलीत कोंबायचा आणि खोलीला कडी घालायची. आमच्या घरचीच रीत आहे, मला ओळखू नाही येणार?"

या धंद्यात सगळे हेच करतात. जिथे घाण आहे तो फोल्डर वगळतात, आणि मग शून्य इशाऱ्यांचा अहवाल छातीला लावून फिरतात. मी ती ओळ काढली आणि टूल पुन्हा चालवलं. मिनिटभरात एक इशारा आला. एकच, पण लालभडक.

'मूळ'मध्ये एक छोटंसं फंक्शन होतं. दारापाशी आलेला फोन आपलं नाव कळवतो, ते नाव हे फंक्शन एका जागी उतरवून घेतं. जागा सोळा अक्षरांची. नाव किती मोठं आहे हे न बघताच उतरवून घेतं. सतरावं अक्षर आलं की ते शेजारच्या खणात सांडतं, आणि शेजारच्या खणात काय ठेवलं होतं? दार उघडं की बंद, ती खूण. म्हणजे फोनचं नाव पुरेसं लांबलचक ठेवा आणि एकशे चाळीस म्हाताऱ्यांपैकी कोणाच्याही खोलीत हवं तेव्हा शिरा. किल्ली नको, की परवानगी नको. वर एक शेराही होता, की नाव सोळा अक्षरांपेक्षा मोठं कधीच येत नाही, उगाच तपासत बसू नये.

त्या शेऱ्याने तर मला स्फुरण चढलं. अहवालात साधारण दोन ओळींत काम भागतं. मी पानभर लिहिलं. 'ही चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही शोभत नाही' असं लिहिलं. 'लिहिणाऱ्याचा आत्मविश्वास त्याच्या ज्ञानाच्या व्यस्त प्रमाणात आहे' असंही लिहिलं, आणि ते वाक्य मी तीनदा वाचलं, इतकं मला ते आवडलं. 'हा भाग तपासणीपासून हेतुपुरस्सर लपवला आहे' हे शेवटी ठळक केलं आणि अहवाल साहेबांना आणि व्यवस्थापक बाईंना पाठवून दिला.

पाठवल्यावर जोडपत्र भरायला घेतलं. त्यात फाइल कोणी लिहिली आणि कधी, एवढं टाकायचं असतं. म्हणून मी फाइलच्या अगदी वरच्या ओळीवर गेले. तारीख चौदा वर्षांपूर्वीची होती. तारखेपुढे लिहिणाऱ्याच्या नावाची दोन आद्याक्षरं होती, आणि ती माझी होती.

लग्नाच्या पहिल्या वर्षी दीर कॉलेजात होता. सी भाषेत दोनदा नापास झाला होता. सासऱ्यांनी मला विचारलं, याला जरा शिकवशील का? मी नवी सून, छाप पाडायची होती. जेवणाच्या टेबलावर बसून मी त्याला एका संध्याकाळी खेळण्यातल्या कुलपाचा प्रोग्राम लिहून दाखवला. त्याने विचारलं होतं, "वहिनी, नाव मोठं आलं तर?" मी तो शेरा लिहिला होता तो त्याला गप्प करायला.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण इथे मी गावभर दवंडी पिटून आले होते. अहवाल परत मागवता येत नाही. मी जोडपत्रात लेखकाचा रकाना रिकामा ठेवला. हे मी केलं. दुसऱ्या कोणी केलं असतं तर त्यावर मी आणखी एक पान लिहिलं असतं.

त्या रात्री दीर जेवायला आमच्याकडे होता. अहवालाची प्रत त्याला मिळाली होती. तो खाली मान घालून जेवत होता.

"काय गं लिहिलंस त्यात?" सासूबाईंनी विचारलं. "याच्या घशाखाली घास उतरत नाहीये."

"जे होतं ते लिहिलं."

"घरच्या माणसाबद्दल जरा हात आखडता घेतला असतास तर बिघडलं असतं का?"

"आई, त्यांचं काम आहे ते," दीर म्हणाला आणि पाणी प्यायला.

एवढंच. मला हायसं वाटलं. याला आठवत नाहीये, असा मी निष्कर्ष काढला. आठवणार कुठून, कालची भाजी कुठली होती ते याला आठवत नाही! तेवढ्यातही मी त्याला नावं ठेवून घेतली.

बैठक वृद्धाश्रमातच होती. लांबलचक व्हरांडा, भिंतीला दोन्ही बाजूंनी धरायला दांडे, आणि प्रत्येक दारावर नव्या कुलपासाठी आधीच पाडून ठेवलेलं चौकोनी भोक. भोकांना आतून कागद चिकटवला होता. व्यवस्थापक बाई एकदम कोरड्या. त्यांनी चष्मा लावला आणि माझा अहवाल मोठ्याने वाचायला सुरुवात केली. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आला, व्यस्त प्रमाण आलं. तिथे साहेब हसले. मला आवडलेलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून फार भिकार वाटलं.

"हे तुम्ही लिहिलंय?" बाईंनी दिराला विचारलं.

"कुलपात बसवलं मी. चूक माझी."

"मी विचारलं, लिहिलं कोणी?"

त्याने टेबलावरचा पाण्याचा ग्लास बाजूला सरकवला.

"आणि लपवलंत कशाला? हे बघा, बाहेरून आणलेल्या कोडमध्ये चूक असती तर मी महिनाभर मुदत दिली असती. होतं असं. पण माहीत असून झाकून ठेवायचं, आणि आत आमचे लोक झोपणार! असल्या माणसाकडून मी एक कडीसुद्धा घेणार नाही."

"लपवलं नाही, बाई. ते ज्यांनी लिहिलं त्यांच्यावर विश्वास होता."

"कोण ते?"

"ते जाऊ द्या."

त्याला आठवत होतं. पहिल्यापासून आठवत होतं. जेवताना आठवत होतं, अहवाल वाचताना आठवत होतं, आणि हा शहाणा तोंडातून एक अक्षर काढत नव्हता. बाईंनी फाइल जवळ ओढली, पेनाचं टोपण काढलं. मी तेवढ्या वेळात बरेच हिशेब केले. गप्प बसले तर कोणाला कळणार नव्हतं. बोलले तर साहेबांनी मला परत कधी कोडला हात लावू दिला नसता, आणि चौदा वर्षांची माझी तोंडपाटीलकी एका दिवसात गेली असती. मी हिशेब करत बसले याची मला आजही किळस येते. कारण समोरच्या माणसाची पाच माणसं घरी बसणार होती, आणि त्याने हिशेब केलेला दिसत नव्हता.

"मी लिहिलं ते," मी म्हणाले.

"अहवाल ना? माहीत आहे," साहेब म्हणाले.

"फंक्शन. फंक्शन मी लिहिलं. चौदा वर्षांपूर्वी, यांना शिकवताना. फाइलच्या वरची दोन अक्षरं माझ्या नावाची आहेत. जोडपत्रातला रकाना मी मुद्दाम रिकामा ठेवला."

बाईंनी चष्मा काढून माझ्याकडे नीट बघितलं. "म्हणजे हे सगळं, व्यस्त प्रमाण वगैरे..."

"माझ्याबद्दल आहे."

साहेबांचा चेहरा सुपारी गिळल्यासारखा झाला. पुढचं लवकर आटोपलं. महिनाभर मुदत मिळाली, तपासणी दुसऱ्या ऑफिसाकडे गेली, आणि साहेबांनी मला बाहेर व्हरांड्यात नेऊन सांगितलं की उद्यापासून मी फक्त बैठकांचं इतिवृत्त लिहायचं, आणि ते शक्यतो थोडक्यात.

साहेब गाडीत बसून गेले. मी आणि दीर फाटकाकडे चालत निघालो. मला वाटलं, आता हा आभार मानेल, आणि ते मला सहन होणार नाही. म्हणून मीच आधी तोंड सोडलं.

"तो फोल्डर वगळलात कशाला, भाऊजी? टूल चालवलं असतंत तर पहिल्याच दिवशी दिसलं असतं."

"चालवलं होतं," तो म्हणाला. "चार वर्षांपूर्वी. टूलने तीच ओळ दाखवली."

"मग?"

"दोन दिवस बघत बसलो. मलाही ती चूकच वाटत होती. पण वाटलं, वहिनींनी लिहिलंय म्हणजे काहीतरी कारण असणार, मलाच कळत नसेल. टूलही चुकतं ना कधी कधी. म्हणून वगळला."

"अहो, पण करून बघायचं! मोठं नाव देऊन."

"बघितलं. दार उघडलं. मला वाटलं पट्टी खराब आहे. पट्टी बदलली, आणि परत करून बघायचा धीर झाला नाही."

मी रस्त्यातच थांबले. "चार वर्षं! दर रविवारी एका टेबलावर जेवतो आपण. मला विचारायला काय झालं होतं?"

त्याने माझ्याकडे बघितलं. तक्रार अशी नव्हतीच त्याच्या चेहऱ्यावर, कोणी वेळ विचारल्यावर सांगावी तसं त्याने सांगितलं.

"विचारलं असतं तर तुम्ही हसला असतात, वहिनी."

काहीतरीच काय, असं मी म्हणणार होते. हसले असते. जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांच्या देखत हसले असते, आणि दुसऱ्या दिवशी डब्याच्या वेळी ऑफिसात सांगितलं असतं.