साडेचार मिनिटांची शांतता

वामनरावांना या सिनेमातून मिळण्यासारखं बरंच होतं: महोत्सवाच्या पुस्तिकेत नाव, नावाखाली 'समीक्षक, सौंसर' असा हुद्दा, आणि जमलंच तर पुढच्या रांगेतली खुर्ची. वीज कार्यालयात बाबूगिरी करता करता त्यांनी वीस वर्षं नागपूरच्या एका पाक्षिकात सिनेमांवर अभिप्राय लिहिले. सगळ्यांचं सार एकच: आपल्या सिनेमात माणसं फार बोलतात.

म्हणून पुण्याची दिग्दर्शिका श्रुती अर्धवट जोडलेला सिनेमा लॅपटॉपवर घेऊन घरी आली, तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि आवाज नको म्हणून पंखाही बंद केला. चित्रीकरण जवळच्याच रामाकोना गावातल्या संत्र्याच्या बागेत झालेलं. त्यात त्यांची बायको चंद्रकला होती. ती तिथे एरवीही संत्री निवडायला जायची, आताही तिथेच गेली होती. कॅमेऱ्यामागून श्रुतीने तिला विचारलं होतं, "तुम्ही कोण?"

पडद्यावर चंद्रकला बराच वेळ संत्री निवडत राहिली. मग म्हणाली, "मी मोनालीची माय."

आमच्याकडे बाईला पहिल्या लेकराच्या नावाने हाक मारतात. नऊ वर्षांपूर्वी मोनाली तापाने गेली आणि गल्लीने दयेपोटी ती हाक बंद केली. कोणी 'वहिनी' म्हणू लागलं, कोणी 'चंद्रकलाबाई'. वामनराव 'ऐकलं का'वर आले. त्या घरात ते नाव नऊ वर्षांत पहिल्यांदा ऐकू आलं, तेही लॅपटॉपातून.

त्यांचा हात चष्म्याकडे गेला. पण समोर श्रुती वही उघडून बसली होती.

"हे वाक्य काढा," ते म्हणाले. "न बोलता जास्त कळते."

"काकूंना विचारू?"

"तिले काय समजते सिनेमातलं!"

वाक्य गेलं. सिनेमा पुरस्काराच्या शर्यतीत आला. मोठमोठ्या समीक्षकांनी चंद्रकलेच्या साडेचार मिनिटांच्या शांततेवर रकाने भरले. एकाला त्यात मातीचा हुंकार ऐकू आला, दुसऱ्याला बाजाराचा निषेध. तिसऱ्याने लिहिलं, या बाईकडे सांगण्यासारखं काही उरलेलंच नाही. वामनरावांनी तिन्ही कात्रणं फाइलीत लावली.

पांढुर्ण्याच्या मंगल कार्यालयात दुपारी खेळ ठेवला. चंद्रकलेने गल्लीतल्या चार बायांना सोबत नेलं.

"मी बोलली त्यात," बसमध्ये ती सांगत होती.

"हिरोइन झाली वं बाई!" शेजारची सुचिता म्हणाली. "काय बोलली?"

"तिथंच ऐकजो. ऐकसान तवा तुमीबी मले तसंच म्हणसान."

पडद्यावर संत्री निवडली जाऊ लागली. चंद्रकला खुर्चीच्या कडेवर आली. ओठ हलायच्या आत बागेवर संध्याकाळ झाली.

"आवाज गेला का वं?" सुचिता कुजबुजली.

खेळ संपल्यावर श्रुतीने मंचावरून सांगितलं, "ही शांतता वामनकाकांची देणगी. वाक्य काढायचं त्यांनीच सुचवलं." टाळ्या पडल्या.

परतीच्या बसमध्ये वामनराव म्हणाले, "कलेच्या दृष्टीनं पाय जरा. सगळे तुयी तारीफ करून राहिले."

"मायी नाई जी," चंद्रकला म्हणाली. "माया चुप बसल्याची."

सौंसरला ती आधी उतरली. मागून त्यांनी हाक मारली, "मोनालीची माय, पिशवी राहिली!"

तिने वळून पाहिलं नाही.

श्रुतीला नामांकन मिळालं, समीक्षकांना विषय, वामनरावांना पुस्तिकेत दोन ओळी. किंमत जिने मोजली, तिची नोंद श्रेयनामावलीत शेवटून तिसरी आहे: संत्री निवडणारी बाई.