पहिलं की दुसरं?

संगणकातल्या त्या गाण्याची लांबी चार मिनिटे बारा सेकंद होती. त्यात नऊ वाद्ये होती. अकॉर्डियनचा भाता उघडताना श्वासासारखा जो बारीक आवाज होतो, तोही होता. काम चौदा महिने चालले होते. पडद्यावरची सर्वांत वरची पट्टी गायकाच्या आवाजासाठी होती. ती कोरी होती.

गाणे अण्णांचे. शब्द त्यांचे, चालही त्यांचीच. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवताना त्यांनी ते चाळीस वर्षे गुणगुणले, पण स्वतःचे गाणे छापावे असे काही त्यांच्या मनात आले नाही. मुलगा आणि मुलगी, दोघांनाही ते पाठ होते. मात्र तिसऱ्या ओळीच्या शेवटी सुराला वळसा देऊन अण्णा जी जागा घेत, ती दोघांपैकी एकालाही कधी जमली नाही.

अण्णांच्या घशाच्या नसा हळूहळू निकामी होत असल्याचे डॉक्टरांनी सांगितले. "आवाज साधारण वर्षभर साथ देईल. पुढचं सांगता येत नाही." त्याच दिवशी मुलगा म्हणाला, "अण्णा, तुमचं गाणं मी रेकॉर्ड करतो. साथसंगतीसकट."

हा मुलगा धंद्याने चष्मेवाला. दुकान बहीण-भावाचे, डोळे तो तपासत असे आणि काचा ताई घासत असे. संगीत हा त्याचा छंद. वादक बोलावण्याची गरज नव्हती, कारण आता संगणकावरच वाद्ये मिळतात. प्रत्येक सूर कोणीतरी आधीच वाजवून ठेवलेला असतो. आपण फक्त कळा दाबायच्या. अशा वाद्यांच्या बहुधा दोन आवृत्त्या असतात, मोफत आणि पूर्ण. मोफत अकॉर्डियनचे सूर एका मायक्रोफोनने टिपलेले होते. पूर्ण आवृत्तीत पाच मायक्रोफोन होते, शिवाय भात्याचा तो श्वास होता.

चष्मेवाला दोन्ही आवृत्त्या आलटून पालटून ऐकू लागला. पाच आठवड्यांनी त्याने पूर्ण आवृत्ती घेतली. मग व्हायोलिनची पाळी आली. तिथेही दोन आवृत्त्या होत्या.

"काय रे, घोडं कुठे पेंड खातंय?" अण्णा अधूनमधून दारातून विचारत.

"व्हायोलिनपाशी, अण्णा. फुकटातलं पातळ वाटतं."

"तोवर मी गाऊन टाकू का?"

"अहो, साथ नीट बसल्याशिवाय गाणं कसं घेणार? आधी पाया, मग कळस!"

"बरं बाबा. पण कळस म्हातारा होतोय, तेवढं लक्षात असू दे."

दोघेही हसले. आठव्या महिन्यात अण्णांचा आवाज जाडसर झाला. दहाव्यात वरचे सूर फाटू लागले. चष्मेवाला तेव्हा सहाव्या वाद्यावर होता.

चौदाव्या महिन्यात तो म्हणाला, "अण्णा, सगळं तयार आहे. या."

अण्णा स्वच्छ शर्ट घालून मायक्रोफोनसमोर बसले. साथ सुरू झाली. त्यांनी तोंड उघडले आणि केवळ हवा बाहेर आली. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा हवाच. मग त्यांनी कानांवरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि मुलाच्या खांद्यावर थोपटले. मुलाला मात्र वाटले की मायक्रोफोन कमी पडतोय.

दुसऱ्या दिवशी दुकानात गिऱ्हाईक नव्हते. चष्मेवाला ताईला सांगत होता, "क्षीण आवाज उचलून दाखवणारं एक सॉफ्टवेअर आहे. मोफत आवृत्तीत निम्म्याच सोयी आहेत. पूर्ण घेतली तर..."

"बस त्या खुर्चीत," ताई म्हणाली.

"माझे डोळे ठीक आहेत."

"डोळ्यांचं कोण बोलतंय? हेडफोन घाल. तुझंच गाणं लावते. कधी मोफत अकॉर्डियन, कधी पूर्ण. कुठलं लावायचं ते नाणं ठरवेल, म्हणजे माझी लबाडी नको. पहिलं म्हणजे मोफत, दुसरं म्हणजे पूर्ण. तू फक्त ओळख."

ती त्याच्या पाठीमागे उभी राहिली आणि डोळे तपासतानाचा त्याचाच रोजचा प्रश्न विचारत गेली, "पहिलं की दुसरं?" असे वीस वेळा झाले. त्याची अकरा उत्तरे बरोबर आली. भात्याचा श्वास त्याने दोनदा खात्रीने ओळखला; दोन्ही वेळा मोफत आवृत्ती वाजत होती.

"अकरा!" ताई म्हणाली. "नाण्यालाच विचारलं असतं तरी एवढंच आलं असतं."

"वीस वेळा म्हणजे फार कमी, ताई. फरक आहे. एक मायक्रोफोन आणि पाच मायक्रोफोन..."

"असेल ना! मी कुठे नाही म्हणते? पण या खुर्चीत बसून एखादा म्हणाला, दोन्ही काचांतून सारखंच दिसतंय, तर तू काय करतोस?"

"नंबर लिहितो."

"आणखी काचा नाही लावत?"

"कशाला? फरक सांगता येईना म्हणजे तपासणी संपली. मग चिठ्ठी तुझ्याकडे येते, घासायला."

"चौदा महिने या गाण्याची चिठ्ठी माझ्याकडे आली नाही रे," ताई म्हणाली.

चष्मेवाल्याने हेडफोन ताईच्या हातात दिले. मग म्हणाला, "भीती वाटायची. एकदा गाणं घेतलं की ते शेवटचं ठरेल असं."

"भीती सगळ्यांनाच होती. अण्णांनाही. ते तरी गायला तयार होते!" तिचा आवाज चढला आणि लगेच उतरला. "मलाही फोनवर दोन मिनिटांत घेता आलं असतं. तू करतोयस म्हणून मी थांबले. तुझ्या एकट्याच्या माथी नाही मारत."

हाय रे दैवा! बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण दोघांनी दुसऱ्यांच्या बाबतीत कितीदा वापरली होती!

त्या संध्याकाळी चष्मेवाल्याने आठ वाद्ये बंद केली, मोफत अकॉर्डियन तेवढे ठेवले आणि अण्णांना म्हणाला, "जसं येईल तसं, अण्णा."

अण्णांनी दोन बोटांनी टेबलावर ठेका धरला. ओठ हलत होते, पण शब्द कुजबुजीइतकेही उमटत नव्हते. तिसऱ्या ओळीच्या शेवटी बोटे थांबली, मान किंचित कलली आणि हात हवेत वळला. जागा घेतली गेली होती. आवाज मोजणारी रेघ मात्र पडद्यावर सपाटच राहिली.

"कळली?" अण्णांनी खुणेने विचारले.

"कळली," चष्मेवाला म्हणाला. ते खरे नव्हते.

वाचकहो, उत्तम साधनाचा आग्रह हा दुर्गुण नव्हे, आणि पूर्ण आवृत्ती घेणे ही चूकही नव्हे. पण जो फरक आपल्याच कानांना सांगता येत नाही, त्याच्यासाठी माणसाला ताटकळत ठेवणे हा अपराध आहे. साधने उद्या सुधारतील, परवा आणखी सुधारतील. माणूस तसा सुधारत जात नाही. म्हणून हाताशी जे आहे त्यावर आधी माणूस टिपून घ्यावा आणि साथीचा शोध मग सावकाश चालू द्यावा. चष्मेवाल्याला हे पटले. पटल्याने काही परत आले नाही.

कोऱ्या पट्टीचे कारण असे : डॉक्टरांनी वर्ष दिले होते. गाण्याला चार मिनिटे बारा सेकंद लागत होते. मायक्रोफोन पहिल्या दिवसापासून टेबलावर होता आणि चालत होता. अण्णा दारात उभे राहून विचारत होते. आवाज होता तोवर त्यांना 'गा' असे कोणी म्हटले नाही.