फोनचं वाक्य

आमच्या वर्गात सारांशाचा एक कायदा आहे. एकाने पुढे येऊन आपला सारांश वाचायचा. मूळ मजकुरात नसलेलं काही आलं, किंवा महत्त्वाचं गाळलं, की बाकीच्यांनी बाक वाजवायचे. कायदा माझाच. तुमचं मत दप्तरात ठेवा, असं मी घसा फोडून सांगते, पण ही कार्टी बाक वाजवायला मिळतात म्हणूनच काय ती ऐकतात.

उतारा मुलांनी आळीपाळीने आणायचा. त्या दिवशी पाळी होती एका मुलीची, जिला सगळे वकील म्हणतात, कारण ती माझ्याशीही वाद घालते. तिने वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचली. बांधकामावर क्रेनच्या साखळीतून लोखंडी तुळई निसटली आणि खाली काम करणाऱ्या वेल्डरवर पडली. वेल्डर अत्यवस्थ आहे. वारा जोराचा होता. साखळी जुनी झाल्याची तक्रार कामगारांनी आधीच केली होती. त्या वेळी क्रेनचालक फोनवर बोलत होता, असं एका साक्षीदाराने सांगितलं. चौकशी सुरू आहे.

तो क्रेनचालक माझा दादा. बातमीत नाव नव्हतं, वर्गात कुणाला पत्ता नव्हता. 'फोनला हातसुद्धा लावला नव्हता,' असं दादाने आम्हाला शपथेवर सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी चौकशीत तो तेच सांगणार होता, आणि आम्ही सगळे त्यावर भिस्त ठेवून होतो.

पहिला मुलगा उठला. "क्रेनचालकाच्या निष्काळजीपणामुळे..."

बाक वाजायच्या आधी माझा हात टेबलावर आपटला. "निष्काळजीपणा कुठे लिहिलाय? दाखव!"

पोरगं पार गांगरलं. पुढचीने 'बिचारा वेल्डर' म्हटलं, तर तिचा 'बिचारा' सगळ्यांनी मिळून उडवला.

"बाई, आता तुम्ही लिहा," मागून कुणीतरी म्हणालं. शेवटचा सारांश फळ्यावर मी लिहायचा, ही रीतच होती.

मी खडू घेतला. तुळई पडल्याचं लिहिलं, वेल्डरचं लिहिलं, वारा लिहिला. साखळीची तक्रार तर चांगली ठसठशीत लिहिली. मग 'चौकशी सुरू आहे' लिहून खडू ठेवला.

एकच बाक वाजला. वकिलाचा.

"बाई, फोनचं राहिलं."

"ते एकट्या साक्षीदाराचं म्हणणं आहे."

"मग म्हणणं म्हणूनच लिहा ना! तक्रार पण कामगारांचं म्हणणंच आहे की. ती कशी घेतली?"

एकेक करत सगळे बाक वाजू लागले. मला तिचा भयंकर राग आला, कारण ती शंभर टक्के बरोबर होती. मी ते वाक्य लिहिलं. अक्षर वेडंवाकडं आलं. ती समाधानाने खाली बसली आणि मी तास लवकर सोडला.

शाळेतून तडक दादाकडे गेले. वहिनी भाजी निवडत होती. दादाने मी बसायच्या आतच सुरुवात केली: वारा किती होता, साखळीसाठी त्याने साहेबांच्या किती विनवण्या केल्या होत्या, कामाची किती घाई लावली होती. त्यातलं काही खोटं नव्हतं. मी सगळं ऐकून घेतलं.

"दादा, तू फोनवर होतास का?"

"तूसुद्धा?"

"मला काय वाटतं ते सोड. होतास का?"

तो वहिनीकडे बघत राहिला. तिने भाजी बाजूला सारली.

"मीच केला होता फोन," वहिनी म्हणाली. "गॅस संपला होता, म्हणून."

दादा माझ्याकडे वळला.

"उद्या काय सांगू गं?" दादाने विचारलं. आजवर सल्ला मी त्याला विचारत आले होते.

"वारा सांग, साखळी सांग, घाई सांग," मी म्हटलं, "आणि हेही सांग." शेवटच्या शब्दाला मला रडू फुटलं.