फोटोतलं कोपर

बाळांनो, जरा कल्पना करा. दुपारची वेळ आहे. धारमधल्या एका घरात दहा वर्षांची उर्वी पलंगावर बसली आहे, मांडीवर फोन. फोन थरथरला की तीही दचकते. तुम्ही तिच्या शेजारी बसा. काही विचारू नका, नुसते बसा.

समोर अंकिता होती. उर्वीच्या बाबांची मामेबहीण, म्हणजे तिची आत्या. बारा वर्षं तिने पोलिसांच्या सायबर शाखेत काढली होती. आता ती देवासच्या कारखान्यांना त्यांच्या कॉम्प्युटरांची कुलुपं कुठे कच्ची आहेत ते दाखवून देते. सकाळी उर्वीच्या बाबांनी, भगवंताने, बोलावलं, तशी ती बसने निघून आली.

"फॉरमॅट मारून दे, बस," भगवंत म्हणाला. "दुकानात नेला असता, पण तिथला पोरगा सगळं वाचेल. तू घरची."

"पुसलं की मेसेज करणारा सुटला, दादा. आधी बघू दे."

उर्वीने फोन दिला नाही, फक्त आत्याकडे वळवला. वीस दिवसांपासून कुणी अनोळखी तिला मेसेज धाडत होता. पहिल्याच दिवशी त्याने तिचाच फोटो पाठवला होता. सांगेन ते केलं नाहीस, तर याचं घाणेरडं चित्र करून शाळेच्या ग्रुपवर टाकीन, असं खाली लिहिलं होतं. तेव्हापासून उर्वी पोट दुखतं म्हणून घरीच होती. काल आईने फोन पाहिला, तेव्हा कळलं.

फोटो चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाचा होता. मागे आरास, पुढे नव्या परकरात उर्वी.

"हा बाहेर कुठे गेला होता?"

"घरच्या ग्रुपवर," भगवंत म्हणाला. "चाळीस माणसं आहेत, बडोद्यापासून ग्वाल्हेरपर्यंत. कोणाकोणाला धरशील?"

अंकिताने आपल्या फोनवर ग्रुपमधला तोच फोटो उघडला आणि दोन्ही फोन शेजारी शेजारी धरले. "उर्वी, तू बघ. माझे डोळे आता म्हातारे झाले. दोन्ही अगदी सारखे आहेत?"

उर्वीने बराच वेळ पाहिलं. मग स्वतःच्या फोनवर उजव्या कडेला बोट ठेवलं. "इथे बापूआजोबांचं कोपर आहे. ग्रुपवरच्यात नाही."

"का बरं नाही?"

"आजोबा बनियानवरच झोपले होते ना खुर्चीत. फोटो प्रणवदादानेच काढला होता. म्हणाला, असा टाकला तर सगळे हसतील. म्हणून त्याने कडेचं कापलं."

"न कापलेला कुणाला दिला होता त्याने?"

"कुणालाच नाही. मी मागितला तर म्हणाला, डिलीट झाला."

बोलता बोलता तिचा आवाज बारीक होत गेला.

प्रणव भगवंताच्या वारलेल्या भावाचा मुलगा. एकोणीस वर्षांचा. याच घरात राहून कॉलेजात जायचा.

"एवढ्यावरून तोच आहे असं म्हणता येत नाही," अंकिता म्हणाली. "त्याचा फोन दुसऱ्या कुणी उघडला असेलही. पण शोध तिथूनच सुरू करावा लागेल."

भगवंत खाली बसला. "पोरका पोर आहे, अंकिता. मी वाढवलाय. जिंदगी बरबाद होईल त्याची."

"लहान मुलाबाबतचं असं काही कळल्यावर मला गप्प बसता येत नाही, दादा. कायदाच तसा आहे. पोलीस ठाण्यात मी जाणारच. पण फोन पुसला गेला, तर माझ्याकडे नुसतं बोलणं उरेल."

सायबर शाखेत असताना एका घराने असाच फोन चुलीत घातलेला अंकिताने पाहिला होता. वर्षभराने तीच माणसं पुन्हा आली होती, या वेळी धाकट्या मुलीची तक्रार घेऊन. तरीही तिने उर्वीच्या हातातून फोन ओढून घेतला नाही.

भगवंताने हात पुढे केला. "दे इकडे, बेटा. घरातल्या घरात पाहतो मी त्याचं."

"मग प्रणवदादा इथेच राहणार?" उर्वीने विचारलं.

भगवंताने हात तसाच पुढे ठेवला.

फाटक वाजलं. दारात बूट काढता काढता प्रणवने हाक दिली, "काकी, चाय मिलेगी क्या?"

उर्वी उठली. बाबांच्या पसरलेल्या हाताजवळून ती पुढे गेली, फोन आत्याच्या पिशवीत ठेवला आणि चेन ओढली. मग आत्याबरोबर निघायचं म्हणून ती दारात गेली आणि प्रणवच्या शेजारी उभी राहून तिने एकेक चप्पल पायात घातली.