मागचं दार

अमेरिकेतल्या फॉल रिव्हर गावच्या पोर्तुगीज वस्तीत कुणाच्या पोराला डॉक्टर व्हायचं असलं, की चर्चमधली रविवारची मिस्सा आटोपल्यावर आईबाप त्याला धरून अरुडांच्या घरी आणत. मेडिकलआधी कॉलेजची जी चार वर्षांची पदवी लागते तिला मुख्य विषय कोणता घ्यावा, रसायनशास्त्राचा तो जीवघेणा पेपर कोणत्या सत्रात उरकावा, कोणत्या प्राध्यापकाच्या वाटेला जाऊ नये, हे सगळं लीनो अरुडाला तोंडपाठ होतं. मेडिकलच्या प्रवेशाबद्दल त्याच्याइतकं जाणणारा माणूस वस्तीत दुसरा नव्हता. त्याला स्वतःला मात्र तीनदा नकार आला होता. त्याचं कुणाला काही वाटत नसे. उलट लोक म्हणत, इतक्यांदा जाऊन आलाय म्हणजे वाट चांगलीच ठाऊक असणार.

लीनो अठ्ठावीस वर्षांचा होता आणि थकला होता. झोप काढून जाणारा हा थकवा नव्हता. तो उपाय त्याने करून पाहिला होता. दर उन्हाळ्यात अर्ज भरायचा. मला डॉक्टर का व्हायचंय, यावर निबंध लिहायचा, म्हणजे तेच जुनं कारण धुऊन, इस्त्री करून पुन्हा घालायचं. मग वाट बघायची. दुसऱ्या खेपेला एका कॉलेजाने त्याला प्रतीक्षा यादीवर ठेवलं, तेव्हा ऑगस्टभर तो आंघोळीलासुद्धा फोन घेऊन जात होता. फोन आलाही एकदा. दातांच्या दवाखान्याचा होता, तपासणीची आठवण करून द्यायला.

जीवशास्त्राची नुसती पदवी घेऊन या गावात फारसं काही हाती लागत नाही. लीनो हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत लेखनिक होता. डॉक्टर पुढे, आणि मागे संगणकाची गाडी ढकलत लीनो. डॉक्टर जे विचारील, जे तपासील, ते त्याने टाइप करायचं. हे काम मेडिकलला जाऊ पाहणारी पोरं वर्षभर करतात आणि पुढे सरकतात. लीनो तिथे इतका जुना झाला होता, की नव्या नर्सेसना साहित्याचं कपाट तोच दाखवायचा.

आणि घरी माईची कॉफी होती. म्हणजे नव्हती. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी लीनोने मुख्य विषय म्हणून जीवशास्त्र घेतलं, त्याच दिवशी त्याची आई देओलिंदा हिने सांतो क्रिस्तोला, म्हणजे येशूला, नवस बोलला होता, की पोरगा मेडिकलला लागेपर्यंत कॉफीच्या थेंबाला शिवणार नाही. देओलिंदा पडद्यांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. पहाटे उठून कडक कॉफीशिवाय ती नवऱ्याला ओळखही देत नसे, असं शेजारीपाजारी म्हणायचे. तिने एका दिवसात कॉफी सोडली आणि घरातून डबासुद्धा हद्दपार केला.

त्या वेळी कॉलेजातल्या मार्गदर्शक बाईंनी लीनोला गणित सुचवलं होतं. गणित घे, शिक्षकाचं प्रमाणपत्र जोडून घे, मेडिकलचे ठरलेले पेपर बाजूने कर, म्हणाल्या. लीनोला गणित आवडायचंही. माईने ऐकून घेतलं आणि हात झटकले.

"मागचं दार उघडं ठेवून देवाकडे मागायचं नसतं. तो काय खुळा आहे?"

लीनोने दार लावून घेतलं. पुढे दारात येणाऱ्या प्रत्येक पोराला तो तेच शिकल्यासवरल्या भाषेत सांगू लागला, की पर्याय हाताशी ठेवलास तर मन अर्धंच लागेल.

आता पाळी त्याच्या धाकट्या बहिणीची होती. इदालियाला वीस वर्षं पूर्ण झाली होती, डोकं लखलखीत होतं आणि तिलाही डॉक्टर व्हायचं होतं. मुख्य विषय कळवायची मुदत सोमवारी संपत होती. माईचा हुकूम एका वाक्याचा होता.

"लीनो सांगेल ते घे."

शनिवारी इमर्जन्सीत स्टीव्हन कब्राल आला. रुग्ण म्हणून नाही. पाच वर्षांपूर्वी तो अरुडांच्या स्वयंपाकघरात पाव चघळत लीनोचं ऐकत बसला होता. आता तो मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला होता आणि आखूड पांढरा कोट घालून डॉक्टर हॅलोरनबाईंच्या हाताखाली शिकायला आला होता. एका म्हाताऱ्या खलाशाला दम लागला होता. स्टीव्हनने त्याला तपासलं, हॅलोरनबाईंना सगळं नीट सांगितलं आणि मागे वळून म्हणाला,

"लीनो, घोटे सुजलेत ते लिहिलंस ना?"

"लिहिलं."

म्हातारा खाटेवर बसला तेव्हाच लीनोने ते लिहिलं होतं.

नंतर यंत्रातून कॉफी घेताना स्टीव्हनने त्याला गाठलं. पोरगा मनाने चांगला होता, हीच तर पंचाईत होती.

"तुझ्यामुळे झालं रे हे सगळं. मागे पर्याय ठेवू नकोस म्हणालास, नाही ठेवला. यंदा भरतोयस ना पुन्हा?"

"बघू."

"बघू काय? भर! या खेपेला होणारच बघ." स्टीव्हनने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि हॅलोरनबाईंच्या मागे पळाला.

लीनो हेवा वाटायची वाट बघत उभा राहिला. गेल्या वर्षापर्यंत वाटायचा. आज काहीच झालं नाही. त्याला फक्त बसावंसं वाटलं. या गोष्टीची त्याला भीती वाटली, कारण हेवा वाटत होता तोवर निदान काहीतरी हवं तरी होतं.

संध्याकाळी इदालिया त्याला न्यायला आली. गाडी तीच चालवत होती. लीनोनेच सुरुवात केली.

"विषयाचं डोक्यात घेऊन बसू नकोस. मेडिकलवाल्यांना त्याच्याशी देणंघेणं नसतं. ठरलेले पेपर झाले आणि मार्क असले की पुरे. इतिहास घे, संगीत घे, काय वाटेल ते घे."

"हे तू सगळ्यांना सांगतोस. मी वेगळं विचारतेय."

"काय वेगळं?"

सिग्नलला गाडी थांबली. इदालियाने समोरच बघत विचारलं,

"मला प्रवेश नाही मिळाला तर मी तुझ्यासारखी होणार नाही, असा विषय कोणता?"

सिग्नल हिरवा झाला तरी गाडी हलली नाही. मागच्याने भोंगा वाजवला, खिडकीतून डोकं काढून इदालियाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, मग ती निघाली.

"रागावलास?"

"नाही."

त्याला लागलं होतं, चांगलंच लागलं होतं. पण बोलण्यात खोट काढायला जागा नव्हती. आपल्याला इतकी वर्षं इतक्या जणांनी विषय विचारला आणि खरा प्रश्न हिनेच विचारला, असं त्याला वाटलं. मेडिकलचा अर्ज करणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पोरं बाहेरच राहतात. म्हणजे मुख्य विषय निवडायचा तो आत गेलेल्यांसाठी नसतोच. बाहेर राहिलात तर सकाळी उठून कुठे जाणार, एवढंच त्यात ठरतं.

"लॅब सायन्स," तो म्हणाला. "हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्तबिक्त तपासतात ते. मेडिकलचे बहुतेक पेपर त्यातच उरकतात, आणि पदवी हातात पडली की नोकरी."

"मी तेच बघून ठेवलंय," इदालिया म्हणाली. "आणि मला आवडतं रे ते. परवा सूक्ष्मदर्शकाखाली रक्त बघत बसले, तर जेवायचं विसरले."

"मग मला कशाला विचारलंस?"

"मी सांगितलं तर माई म्हणणार, मागचं दार. तू सांगितलंस तर ऐकेल. उद्या जेवताना सांगशील?"

सांगतो, असं तो म्हणाला. मग घर येईपर्यंत त्याच्या लक्षात येत गेलं की आपण काय कबूल करून बसलो. माईसमोर बसून दार उघडं ठेवावं म्हणायचं, म्हणजे आपलं बंद होतं ते चुकलं म्हणायचं. तिने सोडलेली कॉफी, त्याचे तिन्ही अर्ज, सगळंच त्या ताटापाशी काढायचं. आणि नाही सांगितलं, तर सोमवारी इदालिया जीवशास्त्र घेणार आणि काही वर्षांनी तीही एक गाडी ढकलणार.

रविवारी चुरिसाचे, म्हणजे मसालेदार सॉसेजचे, तुकडे घातलेलं हिरव्या पाल्याचं सूप होतं. लीनोचे वडील झेफरिनो टेबलाच्या टोकाशी बसले होते. चाळीस वर्षं कापडगिरणीतल्या मागांच्या खडखडाटात काढून त्यांचे कान गेले होते. कानातलं यंत्र ते जेवताना काढून खिशात ठेवत. सूप ऐकायला कशाला हवं यंत्र, असं त्यांचं म्हणणं होतं.

"तर? जीवशास्त्रच ना?" माईने पाव कापत विचारलं.

"नाही माई. लॅब सायन्स," लीनो म्हणाला.

"ते काय असतं?"

त्याने सांगितलं. नोकरीपर्यंत आला आणि माईची सुरी थांबली.

"म्हणजे मागचं दार."

"हो, मागचं दार. घराला असतं ना? आपल्याही आहे. आग लागली तर तू काय पुढच्याच दारातून जाईन म्हणून बसून राहशील?"

"आग लागेल असं धरून कुणी घर बांधतं का?" माईचा आवाज चढला. "शंका मनात ठेवून मागितलेलं मिळत नाही. हे मी तुला शिकवलं. तू अख्ख्या गावाला शिकवलंस! कब्रालचं पोरगं लागलं ना?"

"कब्रालचं लागलं. मी नाही लागलो."

"लागशील!"

"माई, हिला लॅब घेऊ दे. मीही तेव्हा दार ठेवायला हवं होतं."

इदालिया सुपाकडे बघत होती. झेफरिनोंनी तिघांचे चेहरे पाहिले, घाईघाईने खिशातून यंत्र काढून कानात घातलं आणि विचारलं,

"कोण गेलं?"

"कुणी नाही गेलं, बाबा," लीनो म्हणाला. "मी यंदा अर्ज भरत नाहीये."

हे बोलायचं त्याने ठरवलं नव्हतं. तोंडातून निघून गेल्यावर त्यालाही ते नवीन वाटलं. परत घ्यावंसं मात्र वाटलं नाही.

"यंदा नाही, म्हणजे पुढच्या वर्षी," माई म्हणाली.

"नाही माई. झालं."

देओलिंदाने सुरी खाली ठेवली. तिचा चेहरा लाल झाला.

"आणि माझा नवस? कारखान्यात साऱ्याजणी कप घेऊन बसतात आणि मी गरम पाणी पिते. आठ वर्षं! माझ्या बहिणीच्या लग्नात मी पाणी प्यायले!"

"मला ठाऊक आहे. तू ते पाणी प्यायलीस की दर वेळी वाटायचं, आता कसं सोडायचं. माईने कॉफी सोडली आणि आपण अर्ज सोडायचा? म्हणून भरत राहिलो."

"म्हणून?" माई त्याच्याकडे बघत राहिली. "आणि मी मेली समजत होते, पोरगं इतकं झुरतंय, तर आपण एवढं तरी करावं. कुणासाठी पाणी ढोसत होते मी मग?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पुसलं नाही, उलट पावाचा मोठा तुकडा तोडून इदालियाच्या ताटात आदळला.

"घे तुझं ते लॅबचं. पण मेडिकलचा अर्ज भरशील ना?"

"भरेन, माई. पण माझ्यासाठी नवस बोललीस तर सरळ नाचाच्या वर्गाला जाईन, सांगून ठेवते."

माईच्या नाकातून हसण्यासारखं काहीतरी निघालं. तेवढ्यात झेफरिनो उठले आणि तळघरात उतरले. खाली भांड्यांचा आवाज झाला. ते वर आले तेव्हा त्यांच्या एका हातात किटली होती आणि दुसऱ्या हातात कॉफीचा डबा. डबा अर्धा संपलेला होता.

देओलिंदाने डब्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"आठ वर्षं? माझ्या पायाखाली?"

"नवस तुझा होता," झेफरिनो म्हणाले. "मी काही बोललो नव्हतो."

लीनोने कॉफी केली. स्वयंपाकघरात तो वास पसरला तसं सगळेच जरा अवघडून बसले, जुना पाहुणा न कळवता यावा तसे. त्याने कप माईपुढे ठेवला. ती शिवेल की ढकलून देईल, हे त्याला सांगता आलं नसतं. आपण केलं ते बरं की वाईट, ते त्या कपावरच ठरणार आहे असं वाटून तो उभाच राहिला.

देओलिंदाने कप दोन्ही हातांत धरला. भिंतीवर सांतो क्रिस्तोची तसबीर होती, तिच्याकडे एकदा पाहिलं आणि घोट घेतला. तोंड वाकडं केलं.

"कडू आहे."

"साखर घालू?"

"नको."

ती तळापर्यंत प्यायली. रिकामा कप ठेवला आणि समोर उभ्या असलेल्या मुलाकडे, त्याच्या डोळ्यांखालच्या काळ्या वर्तुळांकडे, जणू बऱ्याच दिवसांनी परगावाहून आला असावा तशी बघत राहिली.

"बस खाली," ती म्हणाली. "तुझ्यासाठीही ओत. दमलास रे."

लीनो खाली बसला. इदालियाने त्याच्यासाठी कप आणला.