कागदावरचे जळकोटकर

मी मनिषा. नायगाव तालुक्यातल्या एका गावात आशा हाय. म्हणजे घरोघरी फिरून गरोदर बायांची नोंद करायची, गोळ्या वाटायच्या, लेकरांच्या लसीची तारीख सांगायची. ही नोकरी मला कशी मिळाली माहीताय? मी गावची सून हाय म्हणून. आशा गावातच राहणारी पाहिजे असा नियमच हाय. आणि माझ्या नवऱ्याला नोकरी का मिळत नव्हती? तो गावचा लेक हाय म्हणून. घ्या! हसून घ्या आधी, मग पुढचं सांगते.

नवऱ्याचं नाव संघपाल. आयटीआय झालेला फिटर. आमचं लग्न झालं तवा चाकणला होते. पुण्याकडं नोकऱ्या कशा, तर बाजारात भाजी पडल्यासारख्या. एका गेटनं बाहेर काढलं की दुसऱ्या गेटवर जाऊन उभं राहायचं, लगेच आत घेतात. सात महिने भरले की हे पण काढतात. जास्त दिवस ठेवलं तर माणूस कायम करा म्हणंल ना! आमच्या ह्यांनी इतक्या कंपन्या केल्या की घरी वेगवेगळ्या रंगाचे टी-शर्ट साठले, सगळ्यांवर छातीला कंपनीचं नाव. आत्याबाई, म्हणजे माझी सासू, त्याच्यानं फरशी पुसतात.

इकडं आमच्या नांदेड-लातूरला सगळं उलटं. इकडं जागा निघायची म्हणजे एक तर कुणी रिटायर व्हावं, न्हाईतर वर जावं. जो एकदा खुर्चीला चिकटला तो चिकटला. आमच्याकडं बँकेतला शिपाई दवाखान्यात ॲडमिट झाला तर भेटायला येणाऱ्यांत निम्मे त्याच्या तब्येतीची चौकशी करत नसतात, जागेची करत असतात. मी आशा हाय, दवाखान्यात उभी राहून माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. बिचारा बरा होऊन घरी गेला तवा काही जणांची तोंडं पाहण्यासारखी झाली होती.

मला काय पाहिजे होतं? लई काही न्हाई. नवरा घरात पाहिजे होता. संध्याकाळी भाकरी टाकताना समोर बसलेला, भांडायला हाताशी. आमची सांची तीन वर्षांची झाली तवा हे दिवाळीला आले, तर पोरगी आजीच्या मागं लपून विचारती, "हे कवा जाणार?" त्या दिवशी मी ठरवलं, आता बास. चाकण गेलं खड्ड्यात.

आणि नशीब असं की तवाच आमच्या गावापासून हाकेच्या अंतरावर एमआयडीसीत कंपनी आली. ठिबकच्या नळ्या बनवणारी. एक प्लांट इथं, दुसरा तिकडं लातूर जिल्ह्यात, उदगीरच्या रस्त्याला. बोर्ड लागला, फिटर पाहिजेत. मी तर पेढे आणायला निघाले होते. आत्याबाई म्हणाल्या, "थांब गं बाई, आधी जाऊन तर येऊ दे."

हे मुलाखतीला गेले. मशीनवर हात चालवून दाखवला, साहेब खुश. पुण्याचा पोरगा, एचआरवाला, कोवळा. सगळं जमलं आणि शेवटी त्यानं विचारलं, "गाव कुठलं?"

ह्यांनी खिडकीतून बोट दाखवलं. "ते काय, ती टाकी दिसती ना साहेब, तिथंच."

झालं! साहेबाचा चेहरा पडला. "सॉरी, आम्ही लोकल घेत नाही. लोकल माणूस टिकत नाही. आज चुलत्याचं लग्न, उद्या मामाची मयत, परवा जत्रा. आणि एकाला बोललं की गेटवर पन्नास जण गोळा होतात. इथं आम्ही लातूरकडची मुलं घेतो आणि उदगीरला नांदेडकडची. तुम्ही उदगीरला अर्ज करा ना."

उदगीरला! म्हणजे परत खोली, परत खाट, परत मेसचा डबा. चाकण काय आणि उदगीर काय, माझ्या चुलीपुढं तर कुणी न्हाईच ना? मी त्या दिवशी अशी भांडी आपटली की शेजारणीनं येऊन विचारलं, काय झालं म्हणून.

वाट दाखवली ती अकरमभाईनं. हा बिलोलीचा, आमच्या ह्यांच्यासोबत चाकणला होता आणि आता बघते तर ह्याच नायगावच्या प्लांटात कामाला! मी म्हणले, "भाई, तुम्ही तर आमच्याच जिल्ह्याचे. तुम्हाला कसं घेतलं?"

"वहिनी, मी बिलोलीचा कुठं राहिलो आता," अकरमभाई हसून राहिला. "आधारवर खालाच्या, म्हणजे मावशीच्या घरचा पत्ता टाकला, उदगीरचा. कंपनीसाठी मी परदेशी माणूस. तुमचं माहेर जळकोटचं हाय ना? लातूर जिल्हा. मग अडलंय कुठं? भाऊंना जळकोटचे करून टाका."

म्हणजे घरजावई! कागदावर का होईना, घरजावईच. घरात हा विषय काढला आणि मामंजी, म्हणजे माझे सासरे लिंबाजी, ताटावरून उठले. "माझा लेक बायकोच्या बापाच्या पत्त्यावर? अरे, चाकणला उपाशी राहिला तरी चाललं असतं." आत्याबाई रडायला लागल्या. मी म्हणले, "मामंजी, माणूस इथंच राहणार हाय, ह्याच घरात जेवणार हाय. जळकोटला नुसता कागद जाणार." तर म्हणतात, "कागद जातो तिथं उद्या माणूस जातो." म्हाताऱ्याच्या तोंडाला काय लागायचं!

पुढचं नाटक माहेरी. आधार बदलायला घराचा पुरावा पाहिजे, लाईटबिल दादाच्या नावावर. दादा म्हणजे माझा सख्खा भाऊ, मास्तर हाय. मी तोंड गोड करून गेले. दादानं चहा पाजला, वहिनीनं भजी तळली, आणि मग दादा हळूच म्हणतो, "मनिषा, पत्ता दिला की उद्या हिस्सा मागायला येशील. तसं न्हाई म्हणा, पण आपलं हक्कसोडपत्र करून टाक. मग लाईटबिल काय, वाटल्यास गॅसचं कार्ड पण ने."

बहिणीच्या नवऱ्याला नोकरी लागावी म्हणून लाईटबिल द्यायचं, तर बदल्यात बापाचं घर! असा हिशेबी मास्तर, वर्गातल्या पोरांचं काय होत असंल कोण जाणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण संध्याकाळची भाकरी डोळ्यासमोर आली आणि केली सही. घर सोडलं, पत्ता मिळाला. बाहेर येऊन बसस्टँडवर ढसाढसा रडले, हे खरं सांगते.

आता तुम्ही म्हणाल, एचआरवाल्या साहेबानं ह्यांना ओळखलं न्हाई का? अहो, ओळखायला साहेब जाग्यावर पाहिजे ना! 'लोकल टिकत नाही' म्हणणारा तो, चार महिन्यांत दुसऱ्या कंपनीत निघून गेला. त्याची म्हणे ही पाचवी नोकरी. आमच्या ह्यांनी कंपन्या बदलल्या तर माणूस टिकत न्हाई, आणि साहेबानं बदलल्या तर ती प्रगती. निरोपाला केक कापला त्याच्या. नवा साहेब आला, त्यानं आधार पाहिला, "अच्छा, जळकोट. बाहेरचे. छान," म्हणला आणि घेतलं.

काय ते दिवस होते म्हणून सांगू! नवरा सकाळी डबा घेऊन सायकलवर जायचा, संध्याकाळी घरी. कंपनीत मात्र नाटक करावं लागायचं. दुपारी गावातले चुलते गेटसमोरच्या हॉटेलात चहाला दिसले तरी ह्यांनी ओळख द्यायची न्हाई. साहेबानं विचारलं, "करमतं का रे इकडं?" तर हे म्हणायचे, "हळूहळू सवय होईल साहेब." सांची आता बापाच्या पाठीवर बसून गल्लीभर फिरायची. भांडणं पण झाली आमची, मस्त, पोटभर. मला वाटलं, बापाचं घर गेलं ते गेलं, पण वसूल झालं.

पण आमचं गाव सुखानं जगू देईल तर शप्पथ. गावातली पोरं रिकामी आणि कंपनीत लातूरची भरती, हे कुणाला सहन होणार? आणि त्यांचं खोटं पण न्हाई. एका पुढाऱ्यानं हाक दिली, भूमिपुत्रांना काम द्या. मोर्चा निघाला गेटवर. मी पण बघायला गेले, तर सगळ्यात पुढं कोण? आमचे मामंजी! गळ्यात निळा रुमाल, मुठी आवळून ओरडून राहिले, "बाहेरच्यांना हाकला!"

मी त्यांचा हात धरून बाजूला ओढलं. "मामंजी, काय करता? बाहेरच्यांत तुमचा लेक हाय."

"माहीताय मला," मामंजी म्हणाले. "बाहेरचे गेले की गावची पोरं घेतील. मग माझा लेक माझ्या नावानं, माझ्या पत्त्यावर ताठ मानेनं आत जाईल. हा घरजावयाचा डाग मला पुसायचाय." आणि परत जाऊन दुप्पट जोरानं ओरडायला लागले.

तिसऱ्या दिवशी कंपनी नमली. साहेबानं बाहेर येऊन जाहीर केलं, आम्ही कुणाच्या पोटावर पाय देणार न्हाई. नायगावच्या प्लांटात नांदेडची पोरं, उदगीरच्या प्लांटात लातूरची. प्रत्येकाला आपापल्या घराजवळ बदली. टाळ्या काय, गुलाल काय! मामंजींना तर हार घातला लोकांनी. गावची पोरं आत गेली, ती ठेकेदाराकडून, सात महिन्यांच्या बोलीवर. चाकण इथंच आलं म्हणा की.

आणि आमच्या ह्यांना साहेबानं केबिनमध्ये बोलावून पेढा दिला. "अभिनंदन संघपाल. आता तुम्ही तुमच्या घरी. उदगीर प्लांटला कायम करतोय तुम्हाला, लोकल कोट्यातून."

खरं सांगायची सोय होती का? खोटा पत्ता दिला म्हणून त्याच दिवशी हाकललं असतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा 'कायम' हा शब्द ह्यांच्या नावापुढं लागून राहिला होता. पेढा गिळला आणि घरी आले. मामंजींनी हार काढून खुंटीला लावला आणि भिंतीकडं तोंड करून झोपले.

हे उदगीरला गेले. चार दिवस दादाकडं राहिले जळकोटला. पहिल्या दिवशी जावई म्हणून कोंबडी, दुसऱ्या दिवशी वरण, तिसऱ्या दिवशी वहिनीचा आवाज वाढला, चौथ्या दिवशी दादा म्हणला, "दाजी, हक्कसोड झालाय, कायमचं कसं जमणार?" मग उदगीरला चौघांत एक खोली घेतली. मी इथली आशा, गाव सोडलं तर माझी नोकरी जाती. तिथं त्यांनी पत्ता सोडला तर त्यांची जाती. अकरमभाईचं बरं, खालाच्या घरी खरंच जागा हाय.

परवाची गोष्ट सांगते. जयंती आली. सांची आता पहिलीत हाय, चौदा तारखेला संध्याकाळी तिचं भाषण. पहिलंच. आठ दिवस झाले, बाबासाहेबांचं भाषण पाठ करून राहिली, आणि दर वेळी शेवटी विचारती, "पप्पा समोर बसणार ना?" ह्यांनी दोन दिवस सुट्टी मागितली. मिळाली न्हाई. मला राहवलं न्हाई, मी सरळ उदगीरच्या साहेबाला फोन लावला.

"साहेब, संघपालची बायको बोलते. त्यांना जयंतीला दोन दिवस घरी सोडा."

"ताई, सुट्टी लांबच्या तालुक्यांतल्यांना देतोय. ते घरी गेल्यावर प्लांट चालवायला लोकलच तर लागतात."

"पण लेकीचं भाषण हाय हो, संध्याकाळी."

"मग अडचण काय?" साहेब खरंच गोंधळला. वाईट माणूस नव्हता तो. "पाचला शिफ्ट सुटते. सहापर्यंत ते जळकोटला घरी. ऐकतील की भाषण. तुम्ही घरीच आहात ना?"

मी आमच्या ओट्यावर उभी होते. आतून सांचीचा आवाज येत होता, एकच वाक्य परत परत. खरं बोलावं असं जिभेवर आलं होतं. पण खरं बोलले तर कायम गेलं.

"न्हाई साहेब," मी म्हणले, "आम्ही सध्या माझ्या माहेरी आलोय. नायगावकडं."

"अस्सं होय," साहेब हसला. "मग तुम्हीच या की ताई लवकर. घरी नवरा एकटाच असतो रोज."